स्टार वॉर्स कोणत्या क्रमाने पाहावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे मुख्यतः पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी आहेत. १९८० च्या चित्रपटातले प्रसिद्ध रहस्य इथे कुठेही फोडलेले नाही. जिथे बारीकसा सुगावा लागू शकतो तिथे आधी तसे सांगितले आहे.

फार खोलात न जाता सांगा: सुरुवात कुठून?

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'पासून, म्हणजे ज्याला आता 'भाग ४: अ न्यू होप' म्हणतात तिथून. मग ५ आणि ६. त्यानंतर १, २, ३. शेवटी ७, ८, ९. 'रोग वन' भाग ६ झाल्यावर केव्हाही पाहा, 'सोलो' मात्र भाग १ पाहून झाल्याशिवाय नको. एवढ्यावर भागत असेल तर खुशाल चित्रपट लावा, बाकीचे नंतर वाचा.

पण पहिला भाग असताना चौथ्यापासून का? हे आकडे असे उलटेसुलटे कसे?

मे १९७७ मध्ये जॉर्ज लुकास यांचा चित्रपट आला तेव्हा त्याला भाग क्रमांकच नव्हता. नाव नुसते 'स्टार वॉर्स'. १९८० मध्ये 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आला, त्याच्या सुरुवातीला पडद्यावर सरकत जाणाऱ्या पिवळ्या मजकुरात 'भाग ५' असे लिहिलेले होते. पहिल्या चित्रपटाला 'भाग ४: अ न्यू होप' ही पाटी लागली ती १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात. १९८३ मध्ये 'रिटर्न ऑफ द जेडाय' आला. मग सोळा वर्षांनी लुकास मागे गेले आणि आधीची कथा तीन चित्रपटांत सांगितली: 'द फँटम मेनेस' (१९९९), 'अटॅक ऑफ द क्लोन्स' (२००२), 'रिव्हेंज ऑफ द सिथ' (२००५). हे झाले भाग १, २, ३. यांनाच प्रीक्वेल म्हणतात.

२०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली आणि भाग ७ (२०१५), ८ (२०१७), ९ (२०१९) आले. मधल्या वर्षांत क्रमांक नसलेले दोन सुटे चित्रपट आले, 'रोग वन' (२०१६) आणि 'सोलो' (२०१८).

म्हणजे आकडा सांगतो कथेत काय आधी घडले. प्रेक्षकाला काय आधी कळायला हवे ते तो सांगत नाही. सगळा घोळ इथेच आहे.

कथेत जे आधी घडते ते आधी पाहिले तर बिघडते काय?

बरेच काही. सगळ्यात मोठे नुकसान असे की भाग ३ च्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत दोन गुपिते उघडी पडतात, एक भाग ५ चे आणि एक भाग ६ चे. भाग ५ मधला तो क्षण आला की पडद्यावर नायक ल्यूक हादरतो आणि सोफ्यावर तुम्ही शांतपणे पॉपकॉर्न खात असता, कारण तुम्हाला ते केव्हाचेच ठाऊक असते. प्रेक्षकाला नायकाइतकेच माहीत असावे, या हिशोबाने तो प्रसंग रचलेला आहे.

दुसरे, ओळख करून देण्याचे काम भाग ४ करतो. जेडाय (फोर्स नावाची शक्ती वापरणारे योद्धे) कोण, फोर्स म्हणजे काय, हे वाळवंटातल्या झोपडीत बसून म्हातारा जेडाय ओबी-वान ल्यूकला समजावून सांगतो आणि ल्यूकच्या निमित्ताने ते आपल्यालाही कळते. भाग १ मध्ये कोणी काही समजावत बसत नाही. तुम्हाला हे माहीत आहे असे धरूनच तो चित्रपट १९९९ मध्ये बनला. वर त्याचा पहिला पिवळा मजकूर व्यापारी मार्गांवरच्या करांच्या वादाने सुरू होतो. नवख्या माणसाला जीएसटीचे परिपत्रक वाचल्यासारखे वाटले तर त्याचा दोष नाही.

तिसरे नुकसान छोटे आहे, पण हळहळ लावणारे. भाग ५ मध्ये ल्यूक एका महान गुरूच्या शोधात दलदलीच्या ग्रहावर उतरतो. तो गुरू दिसतो कसा, वागतो कसा, हे ल्यूकला माहीत नसते आणि प्रदर्शनाच्या क्रमाने पाहणाऱ्यालाही नसते. भाग १ मध्ये तोच गुरू जेडाय परिषदेत खुर्चीवर बसलेला दिसतो. मग दलदलीतल्या त्या भेटीतली गंमत जवळजवळ संपते.

शिवाय तंत्राचा फरक. २००५ च्या झपाटलेल्या तलवारबाजीनंतर लगेच १९७७ चे संथ द्वंद्व पाहिले की ते पोरकट वाटते. १९७७ पासून निघालात तर डोळा वाढत जाणाऱ्या वेगाला सरावतो.

मग कथाकालानुसारचा क्रम कोणासाठी?

ज्यांचे सगळे एकदा पाहून झाले आहे त्यांच्यासाठी. दुसऱ्या फेरीला तो छान लागतो, कारण एकाच घराण्याची कथा सलग उलगडते. चित्रपटांपुरता तो क्रम असा: १, २, ३, सोलो, रोग वन, ४, ५, ६, ७, ८, ९. भाग १ ते भाग ३ मध्ये सुमारे तेरा वर्षे जातात, भाग ३ आणि ४ मध्ये एकोणीस, भाग ६ आणि ७ मध्ये सुमारे तीस. भाग ८ मात्र भाग ७ जिथे संपतो तिथूनच सुरू होतो.

'मशेटी ऑर्डर' म्हणजे काय? आणि ती खरेच इतकी भारी आहे का?

(सुगावा लागू शकतो. भाग ५ पाहिला नसेल तर हे उत्तर सोडून पुढे जा.)

रॉड हिल्टन या अमेरिकन चाहत्याने २०११ मध्ये मांडलेला हा क्रम: ४, ५, २, ३, ६. भाग १ पूर्ण गाळायचा. कल्पना अशी की भाग ५ च्या शेवटी धक्का बसतो, तिथेच थांबून दोन चित्रपट मागे जायचे, ते कसे घडले ते पाहायचे आणि मग भाग ६ मध्ये शेवट गाठायचा. मोठा फ्लॅशबॅकच म्हणा. भाग १ न गाळता हेच केले की ४, ५, १, २, ३, ६ असा क्रम होतो. तोही बराच चालतो.

खरी करामत भाग ६ च्या सुरुवातीला दिसते. काळ्या कपड्यांतला ल्यूक जब्बा या गुंडाच्या महालात शिरतो आणि वाटेतल्या पहारेकऱ्यांना हातही न लावता त्यांचा गळा आवळून बाजूला करतो. नेहमीच्या क्रमात हा रुबाबदार प्रवेश वाटतो. नुकताच भाग ३ पाहिला असेल तर पोटात गोळा येतो, कारण एक हुशार, तापट जेडाय याच वाटेने कसा घसरला ते तुम्ही काल रात्रीच पाहिलेले असते. ल्यूकचे काय होणार ही शंका खरी वाटू लागते.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाग ५ मध्ये हान सोलोची गोष्ट अर्ध्यावर सुटते आणि ती थेट भाग ६ मध्ये उचलली जाते. मध्ये पावणेपाच ते सात तासांचे प्रीक्वेल घातले की तो धागा पार विसरायला होतो. उपाय सोपा: भाग ६ लावण्याआधी भाग ५ ची शेवटची दहा मिनिटे पुन्हा पाहा. दुसरे म्हणजे, हा क्रम मांडला तेव्हा भाग ७ नव्हता, 'रोग वन' नव्हता, 'सोलो' नव्हता. त्यामुळे त्यांचे काय करायचे याचे उत्तर त्यात शोधू नका.

आमचे मत: पहिल्या खेपेला प्रदर्शनाचाच क्रम, दुसऱ्या खेपेला ४, ५, १, २, ३, ६. घरात कोणी प्रीक्वेलना कंटाळणारा असेल तर पहिल्याच खेपेला मशेटी चालेल.

भाग १ गाळला तर कथा अडते का?

नाही. भाग २ दहा वर्षांनी सुरू होतो आणि मागचे जेवढे लागते तेवढे संवादांतून सांगून टाकतो. गाळल्याने जार जार बिंक्स या विनोदी पात्राची बडबड आणि रक्तातल्या सूक्ष्मजीवांवरून फोर्स मोजण्याचा प्रकार टळतो. हातचे जाते ते लिअम नीसनने साकारलेला जेडाय क्वाय-गॉन, वाळवंटातली यानांची शर्यत (पॉडरेस), आणि शेवटचे तिघांचे द्वंद्व. त्या द्वंद्वाला जॉन विल्यम्स यांनी दिलेले गायकवृंदाचे संगीत संपूर्ण मालिकेतल्या उत्तम तुकड्यांपैकी आहे. एकट्या त्यासाठी भाग १ पाहावा. आणि 'सोलो' पाहायचा असेल तर तो गाळूच नका. का ते खाली.

'रोग वन' भाग ४ च्या अगदी आधी घडतो. मग आधी पाहिला तर?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. मोह स्वाभाविक आहे, कारण 'रोग वन' जिथे संपतो तिथून काही क्षणांत भाग ४ सुरू होतो. तरी पहिल्यांदा पाहताना नको.

भाग ४ च्या पहिल्या पाच-सात मिनिटांत काय होते पाहा. पांढराशुभ्र अरुंद बोळ, दाराकडे बंदुका रोखून उभे सैनिक, स्फोट, धूर, आणि त्या धुरातून चालत आलेला काळाकुट्ट डार्थ व्हेडर. कोणी त्याची ओळख करून देत नाही. पांढऱ्यावर काळे, एवढ्यावरच कळते की याच्यापासून सावध राहायचे. 'रोग वन'मध्ये व्हेडर आधीच येऊन जातो, आणि त्याचा शेवटचा प्रसंग २०१६ च्या तंत्राने इतका दणदणीत केला आहे की १९७७ चा हा प्रवेश त्यापुढे फिका पडतो. शिवाय 'रोग वन'मधली निम्मी मजा ओळखीच्या वस्तू आणि माणसे अचानक दिसण्यात आहे. ओळखच नसेल तर ते सगळे फुकट.

भाग ६ नंतर तो पाहा, आणि संपल्या संपल्या भाग ४ ची पहिली दहा मिनिटे लावा. जोड कशी चपखल बसते ते तेव्हा दिसेल.

आणि 'सोलो'?

हान सोलोच्या तरुणपणाची हलकीफुलकी कथा, कधीही पाहा. अट एकच: भाग १ झालेला असावा. शेवटाकडे एक जुने पात्र काही क्षण समोर येते. भाग १ पाहिलेला असेल तर ओळखू येईल, पण 'हा इथे कसा?' असेही वाटेल. त्याचे उत्तर 'द क्लोन वॉर्स' या अ‍ॅनिमेशन मालिकेत आहे.

प्रदर्शनाचाच क्रम पाळायचा तर ७, रोग वन, ८, सोलो, ९ असे का नाही?

कारण भाग ७ चे शेवटचे दृश्य आणि भाग ८ मधला त्याचा पुढचा धागा यांत काहीच वेळ गेलेला नाही. मध्ये वेगळ्या काळातला चित्रपट घुसवला की लय तुटते. थिएटरच्या प्रेक्षकांना दोन वर्षे थांबण्यावाचून इलाज नव्हता, तुम्हाला तशी सक्ती नाही. ७, ८, ९ सलग पाहा. या तीन चित्रपटांवर चाहत्यांची जी भांडणे चालतात ती पाहून झाल्यावर वाचा, आधी नको.

मला ते रहस्य आधीच माहीत आहे. मीम्समधून कळले. मग क्रमाला काही अर्थ उरतो का?

उरतो. रहस्य माहीत असणे वेगळे आणि त्यामागची अख्खी कहाणी पाहिलेली असणे वेगळे. भाग ४ पासून निघालात तर ओबी-वान ल्यूकला त्याच्या वडिलांबद्दल बोलताना किती जपून शब्द निवडतो ते लक्षात येईल. तुमच्यासाठी ४, ५, १, २, ३, ६ हा क्रम पहिल्याच खेपेला उत्तम.

नुसते तीनच चित्रपट पाहायला वेळ आहे.

४, ५, ६. गोष्ट तिथे पूर्ण होते.

सगळे पाहायला एकूण किती वेळ लागेल? सुट्टीत उरकेल का?

सध्या मिळणाऱ्या आवृत्त्या धरल्या तर ४-५-६ चे सुमारे साडेसहा तास, १-२-३ चे सात, ७-८-९ चे सव्वासात, आणि दोन सुट्या चित्रपटांचे साडेचार. अकरा चित्रपटांचे मिळून पंचवीस तास. सर्वात लांब भाग ८, १५२ मिनिटांचा.

शनिवार-रविवार एकेक पाहिला तर सहा आठवड्यांत होतात. दिवाळीच्या सुट्टीत उरकायचे तर रोज दोन, त्याहून जास्त नको. तिसरा चित्रपट लावला की त्याचा मधला तासभर डुलक्यांत जातो, आणि नेमका त्यातच दरबारातला एखादा डाव असतो. मग पुढच्या चित्रपटात 'हा कोण?' सुरू. जोड्या लावायच्या तर ४-५ एका दिवशी लावू नका. भाग ५ रात्री एकटा पाहा आणि तिथेच थांबा. १-२ एका दिवशी, ३ दुसऱ्या दिवशी स्वतंत्र. ७-८ मात्र पाठोपाठ पाहिलेले बरे.

भारतात कुठे मिळतात? लावताना काही काळजी?

जिओहॉटस्टारवर. परदेशात असाल तर डिस्ने प्लसवर. नेहमी होणारे घोटाळे असे:

शोधात 'एपिसोड १' वर दिसले म्हणून तेच लावले जाते. नावावरून नाही, सालावरून निवडा: १९७७.

चित्रपट संपताच अ‍ॅप स्वतःच दुसरे काहीतरी सुरू करते, आणि ते तुमच्या क्रमातले असेलच असे नाही. सेटिंगमधला ऑटोप्ले बंद करा.

चित्रपटाच्या पानावरचा सारांश आणि चित्रे वाचत-पाहत बसू नका. रहस्ये तिथेच फुटतात. मुलांच्या हातात रिमोट देण्याआधी तुम्हीच चित्रपट लावून द्या.

'द क्लोन वॉर्स' नावाचा २००८ चा चित्रपट आणि त्याच नावाची मालिका आहे, आणि 'अटॅक ऑफ द क्लोन्स' हा भाग २. नावे जवळची आहेत, गल्लत होते.

हिंदीत पाहू की इंग्रजीत?

जे निवडाल ते शेवटपर्यंत तेच ठेवा. सुरुवातीला प्रत्येक चित्रपटाच्या ऑडिओच्या यादीत हवी ती भाषा आहे ना, ते तपासा. निम्म्या चित्रपटांत असेल आणि निम्म्यांत नसेल तर सगळेच इंग्रजीत, सबटायटल लावून पाहा. व्हेडरचा पोशाख डेव्हिड प्राऊस यांनी घातला होता आणि आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा. त्या पात्राचा अर्धा जीव त्या आवाजात आहे, म्हणून आमचा कौल इंग्रजीला. योडा हे पात्र वाक्ये उलटी बोलते, तिथे सबटायटलचा फार उपयोग होतो.

सुरुवातीचा पिवळा मजकूर वर सरकत जातो आणि इंग्रजी सावकाश वाचणाऱ्याला पुरत नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर तिथे थांबवून तीन परिच्छेदांचा मथितार्थ मराठीत सांगा, अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ते न केल्यास पुढची वीस मिनिटे 'हे कोण, ते कोण' यात जातात. 'रोग वन' आणि 'सोलो'ला हा सरकता मजकूर नाही.

शेवटी नावे सरकताना थांबायचे का? मार्व्हलसारखे काही असते?

या अकरा चित्रपटांत नावांनंतर कुठलेही दृश्य नाही. भाग १ च्या नावांच्या अगदी शेवटी एक आवाज तेवढा ऐकू येतो. मालिकांमध्ये मात्र अपवाद आहे: 'द मँडलोरियन'च्या दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडला लगेच बंद करू नका.

लहान मुलांसोबत पाहायचे आहे. क्रम बदलावा का?

सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांना भाग ४ सहसा आवडतो. रोबो, अंतराळयाने, राजकन्या, सगळे आहे. भाग १ चा नायक नऊ वर्षांचा मुलगा असल्याने मुलांना तोही जवळचा वाटतो, म्हणून कोणी मुलांसाठी १ पासून सुरू करतात. त्यात मुलांचे मन रमते, पण रहस्य जाते. आमच्या मते ४ ने सुरू करावे.

भाग ३ वेगळा आहे. अमेरिकेत पीजी-१३ प्रमाणपत्र मिळालेला तो या मालिकेतला पहिला चित्रपट. त्यात लहान मुलांच्या हत्येचा प्रसंग सूचित केलेला आहे आणि शेवटाकडे जळण्याचे दृश्य बरेच उघडे आहे. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना दाखवण्याआधी शेवटचा अर्धा तास तुम्ही एकटे पाहून ठरवा. 'रोग वन'ही मोठ्यांचाच.

'स्पेशल एडिशन' म्हणजे काय? मी पाहतोय ती मूळ आवृत्ती नाही का?

नाही. १९९७ मध्ये लुकास यांनी ४, ५, ६ मध्ये संगणकीय दृश्ये घालून ते पुन्हा प्रदर्शित केले. २००४ च्या डीव्हीडीत आणखी बदल केले, २०११ च्या ब्लू-रेमध्ये आणखी. ओटीटीवर मिळते ती हीच बदललेली आवृत्ती. मूळ चित्रपट २००६ च्या डीव्हीडी संचात जोडतबकडी म्हणून दिले होते, ते आता जुन्या बाजारात शोधावे लागतात.

क्रमाच्या दृष्टीने यातले दोनच बदल महत्त्वाचे. भाग ५ मधला सम्राटाचा छोटा प्रसंग २००४ मध्ये प्रीक्वेलमधल्या नटाला, इयन मॅकडर्मिड यांना, घेऊन पुन्हा बसवला आणि संवादही बदलले. दुसरा बदल भाग ६ च्या अगदी शेवटी. तिथे एका पात्राच्या जागी प्रीक्वेलमधला तरुण नट आणला. ४, ५, ६ सलग पाहणाऱ्याला तो चेहरा कोणाचा हेच कळत नाही. तुमच्या पाहण्यात काही चुकले नाही, चेहरा भाग २ मध्ये ओळखीचा होईल. फ्लॅशबॅकच्या क्रमाच्या बाजूने हा एक भक्कम मुद्दा आहे, हे मान्य करावे लागते.

भाग ४ मधल्या कँटीनात आधी गोळी कोणी झाडली हा चाहत्यांचा जुना वादही १९९७ च्या बदलातूनच आला. १९७७ मध्ये फक्त हान झाडतो. क्रमाशी त्याचा संबंध नाही.

मालिका कधी पाहायच्या? सगळ्या पाहाव्याच लागतात का?

मुळीच नाही. चित्रपट मालिकांवाचून पूर्ण कळतात. उलटे मात्र नाही, म्हणून सहसा आधी ४-५-६ आणि १-२-३ करा, मग मालिका.

'द मँडलोरियन' पाहताना मध्येच काहीतरी सुटल्यासारखे वाटते.

सुटलेलेच असते. सीझन २ (२०२०) आणि सीझन ३ (२०२३) यांच्यामध्ये 'द बुक ऑफ बोबा फेट' ही सात एपिसोडची मालिका आली. तिचे ५, ६ आणि ७ हे एपिसोड प्रत्यक्षात मँडलोरियनचीच कथा पुढे नेतात. ते न पाहता सीझन ३ लावला की सीझन २ च्या हृद्य शेवटाचे झाले काय, असा प्रश्न पडतो. पूर्ण बोबा फेट पाहायचा कंटाळा असेल तर निदान हे तीन पाहा. 'द मँडलोरियन' भाग ६ नंतर सुमारे पाच वर्षांनी घडते, त्यामुळे भाग ६ झाला की सुरू करता येते.

'अँडोर'चे काय?

मोठ्यांसाठी बनलेली सर्वोत्तम मालिका, यावर फारसे दुमत नाही. दोन सीझन, प्रत्येकी बारा एपिसोड (२०२२ आणि २०२५). ती थेट 'रोग वन'च्या सुरुवातीला येऊन टेकते. त्यामुळे क्रम असा: ४-५-६ झाल्यावर अँडोरचे २४ एपिसोड, लगेच 'रोग वन', लगेच भाग ४ ची सुरुवात. 'रोग वन' आधी पाहिला असेल तरी अँडोरनंतर तो पुन्हा पाहा. दुसऱ्या सीझनमध्ये दर तीन एपिसोडला कथा एक वर्ष पुढे उडी मारते. रोज एक पाहिला तर त्या उड्यांमध्ये गोंधळ होतो. तीन-तीनच्या चार बैठका करा.

'द क्लोन वॉर्स' कुठल्या क्रमाने?

सात सीझन, १३३ एपिसोड, प्रत्येकी साधारण बावीस मिनिटे. भाग २ आणि ३ च्या मधला काळ. सुरुवातीच्या सीझनांत एपिसोड कथेच्या क्रमाने दाखवलेच गेले नाहीत. स्टार वॉर्सच्या अधिकृत संकेतस्थळावर घटनाक्रमाची यादी आहे. तिच्यानुसार सुरुवात सीझन २ च्या १६ व्या एपिसोडने होते, मग सीझन १ चा १६ वा, मग २००८ चा चित्रपट, मग सीझन ३ चा १ ला आणि ३ रा, आणि त्यानंतर कुठे सीझन १ चा पहिला! सीझन ३ च्या मध्यानंतर क्रम बराचसा सरळ होतो.

सीझन ७ चे शेवटचे चार एपिसोड भाग ३ च्या घटनांच्या वेळीच घडतात. भाग ३ आधी पाहून ठेवा, नाहीतर त्यांतला थरार कळणार नाही. एवढ्या एपिसोडचा धीर नसेल तर २००८ चा चित्रपट आणि हे चार, एवढ्यावर अहसोका टानो या पात्राची तोंडओळख होते.

बाकीच्या मालिका?

'ओबी-वान केनोबी' (सहा एपिसोड) भाग ३ आणि ४-५-६ झाल्यावर. पहिल्याच एपिसोडपासून तुम्हाला दोन्ही गुपिते माहीत आहेत असे ती धरते. 'अहसोका'च्या आधी 'रिबेल्स' हवी, निदान तिचा शेवटचा एपिसोड तरी. 'द बॅड बॅच' क्लोन वॉर्सच्या सातव्या सीझननंतर. 'द अ‍ॅकोलाइट' भाग १ च्याही सुमारे शंभर वर्षे आधी घडते, पण म्हणून ती सर्वांत आधी पाहायची नाही. 'व्हिजन्स'मधल्या कथा सुट्या आहेत, कधीही पाहा.

मी ७, ८, ९ थिएटरमध्ये पाहिले होते आणि काही कळले नव्हते. आता?

पुन्हा ४ पासून. भाग ७ ची रचना बरीचशी भाग ४ च्या धर्तीवर आहे, त्यामुळे ओळखीच्या खुणा दिसतील आणि जुनी माणसे परत आल्यावर लोक टाळ्या का वाजवत होते तेही कळेल.

दुसऱ्या मालिकांनाही हेच लागू का? 'फास्ट अँड फ्युरियस'चे काय?

तिथे एकच गाठ आहे. तिसरा चित्रपट, 'टोकियो ड्रिफ्ट' (२००६), कथेत सहाव्या (२०१३) नंतर घडतो. म्हणून त्यात मेलेला हान (हान सोलो नव्हे, या मालिकेतले पात्र) ४, ५, ६ मध्ये धडधाकट फिरताना दिसतो. क्रम १, २, ४, ५, ६, ३, ७ असा केला की हानचा शेवट नीट लागतो, आणि सहाव्याच्या शेवटचे दृश्य आधी दिसत असल्याने कोडेही पडत नाही. इथे दडवून ठेवावे असे मोठे रहस्य नाही, त्यामुळे कथाकालाचा क्रम पहिल्यांदाही चालतो.

१९७८ चा 'हॉलिडे स्पेशल' हा टीव्ही कार्यक्रम यादीत कुठे बसवायचा?

कुठेच नाही.